कोऱ्या कपाळाचा पौष

पौष अर्धा सरला की आमच्या भांडगावच्या मळ्यात शेवंती शेवटच्या बहरावर येते. झाडं थकलेली असतात, खालची पानं काळी पडायला लागतात, फुलं मात्र थांबत नाहीत. पहाटे तोडणी सुरू होते तेव्हा दव इतकं असतं की बायांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजतात. तो ओला, जरासा कडवट वास घरात शिरतो, अंथरुणात शिरतो, भाकरीच्या टोपल्यातसुद्धा शिरतो. मी त्या वासापासून लांब पळत कामाला निघते. साबणानं मान घासते, वेणी घट्ट घालते, चौफुल्याला कंपनीची बस आली की खिडकी लावून घेते. मी जिथं काम करते तिथं फुलांना आत यायची परवानगी नाही, आणि फुलांच्या अंगावरून उठून आलेल्या माणसालाही ती जरा विचारूनच मिळते.

यंदा याच दिवसांत आमच्याकडं एक नवी मुलगी लागली. न्हावऱ्याची. लग्नाला महिनासुद्धा झाला नसावा, हातात हिरवा चुडा तसाच होता. कपडे बदलायच्या खोलीत मी तिला नियम सांगत होते. बांगड्या काढायच्या, मंगळसूत्र लॉकरमध्ये, काजळ नको, पावडर नको, केसांना तेल नको, गजरा तर नकोच. ती शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती. टिकलीचं नाव काढल्यावर मात्र तिचा हात कपाळाकडं गेला आणि तिथंच राहिला. टिकली पण का, असं तिनं इतक्या हळू विचारलं की मला माझाच पहिला पौष आठवला. हो, टिकलीपण, असं मी तिला म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आमचं काम तसं सांगायला सोपं आहे. आम्ही पेशी वाढवतो. उंदराएवढ्या एका प्राण्याच्या चिमूटभर पेशींपासून कधीकाळी सुरू झालेलं हे कुळ आहे. त्यांना कोमट ठेवायचं, गोड पाजायचं, वारा द्यायचा, दाटी झाली की वेगळं घर करून द्यायचं. त्या बदल्यात त्या एक प्रथिन तयार करतात आणि त्याचं पुढं इंजेक्शन होतं, मोठ्या दुखण्यांवरचं. सुरुवातीला छोट्या फ्लास्कमध्ये, मग मोठ्या, आणि शेवटी स्टीलच्या उंच टाकीत. पेशी म्हणजे माहेरी लाडावलेली लेक. जरा गार वाटलं, जरा गोड कमी पडलं, की रुसून बसतात. आणि बाहेरचा एक जंतू आत शिरला तर रुसायलाही उरत नाहीत, आठवड्यांची मेहनत नाल्यात जाते. म्हणून ती खोली. गाळलेली हवा, पांढऱ्या भिंती, कोपरेसुद्धा गोल केलेले, धूळ बसायला जागा नको म्हणून. आणि तिथं सगळ्यात घाण वस्तू कुठली, तर माणूस. पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं होतं तेव्हा मला अपमान वाटला होता. आता मीच नव्या मुलींना सांगते.

निमोण्याच्या माझ्या माहेरी कुणाला मी नेमकं काय करते ते आजही नीट कळलेलं नाही. शिरूरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले आणि कंपनीत लागले एवढं त्यांना पुरतं. मला मात्र ती खोली फार आवडायची. खरं सांगायचं तर मी तिच्या प्रेमातच होते. आत गेलं की बोलणं कमी, चालणं सावकाश. डोक्यावर भरलेला हंडा असावा तसं चालायचं, हात छातीच्या पुढं, कुठं टेकायचं नाही. डोळे सोडून कुणाचं काही दिसत नाही. कॅन्टीनमध्ये एखादी समोर येऊन जेवायला बसली तर ओळख पटायला वेळ लागतो, कारण नाक-तोंड पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. आणि पेशींचं ते पाणी! आमच्या फ्लास्कमधलं पाणी निरोगी असलं की लाल दिसतं, पेशींची तब्येत बिघडायला लागली की पिवळं पडत जातं. म्हणजे त्या खोलीत सकाळी गेल्यावर आधी रंग बघायचा, लाल का पिवळा. हळदी-कुंकवाच्या दिवसांत आम्ही यावरून आपसात हसायचो.

माझं लग्न असंच मार्गशीर्षात झालं आणि मी भांडगावला आले. नवरा संदीप, एकुलता एक, आणि त्याची आई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. आत्यांचं कपाळ कोरं होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. संदीप पहाटेच्या अंधारात फुलांची कॅरेटं पिकअपमध्ये भरून सोलापूर रोडनं पुण्याच्या मार्केटला जायचा आणि उन्हं चढायच्या आत परत यायचा. तो येईपर्यंत आत्या दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघायच्या. हातातलं काम न थांबवता, मान वळवून, नुसतं बघायच्या.

लग्नाची रजा संपली आणि माझी गत मजेशीर झाली. घरची सून आणि तोडणीला हात लावत नाही, हे मळ्यात कुणाला पटेना. फुलांची भुकटी कपड्यांना चिकटते, ती मला चालत नाही, हे मी किती वेळा सांगितलं असेल. शेजारच्या मंदाकाकू म्हणाल्या, फुलांच्या घरात पडली आणि फुलंच बाधतात व्हय हिला. त्या हसतच म्हणाल्या होत्या, पण आत्या हसल्या नाहीत. त्यांना फुलांचं काही वाटत नव्हतं. मी सकाळी कपाळ पुसून, मोकळ्या हातांनी दारातून बाहेर पडायचे, ते त्यांना बघवत नव्हतं. मी उंबऱ्यापाशी आले की त्या चुलीकडं तोंड करायच्या. मला वाटायचं, रागावल्यात. मीही नवी नवरी, माझाही नाकाचा शेंडा लाल व्हायला वेळ लागत नाही. दोन-तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

पहिली संक्रांत आली. पेशींना संक्रांत नसते, त्यामुळं मी सकाळची पाळी करून आले आणि संध्याकाळी काळी साडी नेसून पाटावर बसले. बायकांनी हलव्याचे दागिने चढवले. गळ्यात हार, हातात बाजूबंद, कमरेला पट्टा, सगळी साखरच साखर. दिवसभर अंगावर एक मणी न ठेवणारी मी संध्याकाळी मुंग्यांना बोलावणं धाडल्यासारखी सजले होते. खूप हसणं झालं. कुंकू लावायची वेळ आली तेव्हा आत्यांनी करंडा आणला, पाटाजवळ ठेवला आणि मागं सरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मंदाकाकूंनी मला कुंकू लावलं. हे त्या घरात ठरलेलं होतं, कुणी कुणाला सांगावंही लागलं नाही. लग्नातही असंच झालं होतं, पण तेव्हा गडबडीत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. दारात उभं राहून आत्या माझ्या कपाळाकडं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या मला पहाटे वेणी घालून द्यायला लागल्या. थंडी मरणाची, मी उठून चहा ठेवायच्या आत त्या कंगवा घेऊन बसलेल्या. मला बरं वाटलं. आईनं सुद्धा दहावीनंतर माझी वेणी घातली नव्हती. त्यांचे हात खरबरीत होते आणि ओढ घट्ट, पण शेवटी त्या मानेवर बोट फिरवून वेणी नीट बसवायच्या तेव्हा डोळे मिटावेसे वाटायचे. चला, रुसवा गेला, असं मी मनात म्हटलं.

आमच्याकडं मोठी रजा घेऊन आलं की त्या खोलीत जायला पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तोवर बाहेरच्या खोलीतली कामं, नियम मात्र तेच. परीक्षा कागदावरची नाही, अंगावरची. पांढरा डगला जमिनीला टेकू न देता चढवायचा, डोक्यावरचा टोप, मास्क, चष्मा, बूट, हातमोजे, सगळं ठरल्या क्रमानं. मग आत जाऊन काम करायचं आणि बाहेर येताना अंगाच्या जागोजागी छोट्या प्लेटा दाबून घ्यायच्या. त्या प्लेटा उबेत ठेवतात. त्यांच्यावर जंतूंचं काही उगवलं तर तुम्ही नापास. परीक्षा घेणाऱ्या वर्षामॅडम शिरूरच्या, वयानं मोठ्या, बोलायला गोड आणि नियमाला लोखंड. त्यांनी मला आधीच बजावलं होतं की आता एकदा चुकलं तर अजून एक संधी मिळेल, त्यातही चुकलं तर पॅकिंगला जावं लागेल. पॅकिंगला गेलं म्हणजे आकाश कोसळतं असं नाही. पण मी पेशी वाढवायला शिकले होते, खोकी चिकटवायला नाही. शिवाय पॅकिंगच करायचं तर आपल्या मळ्यातली फुलंच भर की कॅरेटात, असं घरचं-दारचं सगळं जग म्हणालं असतं आणि मला उत्तर सुचलं नसतं. मला ती खोली हवी होती.

मी सगळं नीट केलं. डगला कुठं टेकला नाही. प्लेटा दाबून झाल्या. वर्षामॅडमनी माझ्या डोक्यावरचा टोप काढून घेतला, उलटा केला, आणि तशाच उभ्या राहिल्या. आतल्या बाजूला, मानेवर येतो तिथं, लाल डाग होता. डगल्याच्या कॉलरलाही लागला होता. त्या पांढऱ्यावर तो इतका लाल दिसत होता की मला आधी वाटलं कुठंतरी खरचटलंय.

"कुंकू आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी लावलेलं नाही. आमच्या कामात माणूस चुकला तर चालतं, सांगायचं, सुधारायचं. खोटं बोललं तर मात्र त्याच्या हातात कुणी पेशी देत नाही. मी खरं बोलत होते आणि माझ्या मानेवर कुंकू होतं. प्लेटांवर काय उगवतं याची वाट बघायचीसुद्धा गरज उरली नाही.

बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. न्हावरं गेलं, उसाच्या ट्रॉल्या गेल्या. मानेवर हात फिरवला तर बोटाला अजून लाली लागत होती. तेव्हा मला पहाटेचं ते बोट आठवलं, वेणीच्या मुळाशी फिरणारं. राग आला, फार आला. चौफुल्याला उतरेपर्यंत मी मनातल्या मनात आत्यांशी कडाकडा भांडून घेतलं.

घरी आले तर त्या गोठ्यापाशी बसून दुसऱ्या दिवशीच्या कॅरेटांना कागद लावत होत्या. मी विचारलं, आत्या, तुम्ही माझ्या मानेला कुंकू लावता का? त्यांचे हात थांबले. नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

"माझ्या हातनं लावाया नगं, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पर एवढ्या पहाटं मंदाला कुठनं बलवू? तू तशीच भाईर पडती. त्यो तिकडं रोडवर आसतो."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे संदीपनं कधी सांगितलं नव्हतं, बहुधा त्याला माहीतच नव्हतं. सासरे गेले तो दिवस मोठ्या तोड्याचा होता. ते फुलांचं बोचकं मोटारसायकलवर बांधून यवतकडं निघाले. आत्या ऊन चढेपर्यंत मळ्यात वाकलेल्या होत्या, घामानं आणि पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं. कुणीतरी बाईनं सांगितलंही, अगं कपाळ कोरं दिसतंय. घरी गेल्यावर लावू म्हणून त्या पुढची सरी धरून तोडत राहिल्या. घरी येईपर्यंत सांगणारा माणूस दारात होता. ट्रकवाल्याची चूक होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आत्यांनाही माहीत होतं. पण तेराव्याला कुणी एक बाई त्या कोऱ्या कपाळावरून काहीतरी बोलून गेली आणि ते त्यांच्यात रुतून बसलं.

"कुणाला दिसंल आसं न्हाई लावलं गं," त्या म्हणाल्या. "येणीखाली लावलं. तुझ्या कंपनीला दिसू नये म्हणून."

माझा सगळा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी त्यांच्याशेजारी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर कॅरेटांना कागद लावायला लागले. मी शिकलेली आहे. कुंकवाचा आणि ट्रकचा काही संबंध नसतो, हे मी त्यांना सांगू शकले असते. पण जी बाई इतकी वर्षं करंड्याला बोट लावत नव्हती, माझ्या लग्नातसुद्धा मागं सरून उभी राहिली होती, तिनं पहाटेच्या अंधारात आपल्या लेकासाठी ते बोट बुडवलं होतं. त्या बोटाला मी काय शिकवणार होते?

मी त्यांना त्या खोलीबद्दल सांगत बसले. तोपर्यंत कधी नीट सांगितलंच नव्हतं. म्हटलं, तिथं सगळ्याच माझ्यासारख्या. वर्षामॅडमचा नवरा एसटीवर ड्रायव्हर आहे, त्या रोज कपाळ पुसून आत जातात आणि तो रोज सुखरूप घरी येतो. पांढरा डगला घातला की लग्न झालेली कोण, न झालेली कोण, कुणाचं माणूस गेलेलं, काही ओळखू येत नाही. आत्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं की कुणी विचारत बी न्हाई का? मी म्हटलं, नाही विचारत. त्यांनी पुढच्या कॅरेटला कागद लावला. मग म्हणाल्या:

"मंग माझ्यासारखी बी चालली आसती तिथं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आत जाताना कधीकधी हातमोजे चढवताना आठवतं. लोक म्हणतात तुमची ती खोली किती रुक्ष, ना रंग ना वास. असेल. पण जगात अशी एक तरी जागा आहे जिथं बाईच्या कपाळावरून तिचं काही वाचता येत नाही, याचं मोल मला आमच्या आत्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्षामॅडमना खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. नव्या होत्या तेव्हा त्यांच्या सासूनं डब्यात पोळीच्या खाली कुंकवाची पुडी ठेवली होती, म्हणाल्या, आणि सगळी भाजी लाल झाली होती. आम्ही दोघी हसलो. नापास मात्र नापासच राहिलं, ते त्यांनी बदललं नाही, आणि मलाही ते बरोबर वाटलं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी पहाटे आत्यांनी नेहमीसारखी वेणी घातली. शेवटी त्यांनी ओल्या फडक्यानं माझी मान पुसली, दोनदा. पाणी गार होतं, मी शहारले. बाहेर संदीपचा पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला तसा त्यांचा हात मानेवर थबकला. मला वाटलं, आता राहवणार नाही त्यांना. पण त्यांनी फडकं पिळलं, दांडीवर वाळत घातलं आणि म्हणाल्या, "जा. नीट जा." त्या दिवशी त्या चुलीकडं वळल्या नाहीत. उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या कोऱ्या कपाळाकडं बघतच मला वाटेला लावलं. संदीप परत येईपर्यंतचे ते तास त्यांनी कसे काढले असतील, मला विचारायचं धाडस झालं नाही. माझी परीक्षा दुपारपर्यंत होती. त्यांची माझ्या आधी सुरू झाली होती.

प्लेटा काही दिवस उबेत राहिल्या आणि कोऱ्या निघाल्या. वर्षामॅडमनी मला एक प्लेट उजेडाकडं धरून दाखवली. तिच्यात काहीच नव्हतं. ‘काहीच नाही’ इतकं सुंदर असतं, हे मी आधी पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी मला सुट्टी होती. संदीप मार्केटवरून येऊन झोपला होता. मी न्हाऊन, लग्नातली जरीची साडी नेसून स्वयंपाकघरात गेले, कोनाड्यातला करंडा काढला आणि आत्यांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, कामाच्या दिवशी मला चालत नाही, सुट्टीच्या दिवशी चालतं. तर सुट्टीच्या दिवशी तुम्ही लावायचं. मानेवर नाही, कपाळावर. मंदाकाकूंना बोलवायचं नाही.

त्यांनी दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं, असतं तरी मी हलणार नव्हते, आणि तेही त्यांना दिसलं असावं. खूप वेळ त्यांनी करंड्याचं झाकण नुसतं हातात धरलं. मग बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. हलकं नाही, चांगलं दाबून. कुंकू जरा वाकडंच लागलं असणार. मी आरशात बघितलं नाही.

लावून झालं आणि त्या आपल्या बोटाकडं बघत राहिल्या. उरलेलं कुंकू बायका सहज स्वतःच्या कपाळाला लावून टाकतात. आत्यांचं बोट तसंच हवेत होतं, लालभडक, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी माझा पदर पुढं केला.

"डाग पडंल गं," त्या म्हणाल्या. "कुकवाचा जात न्हाई."

"राहू द्या, आत्या."

त्यांनी आधी पदराच्या टोकाला जरासं टेकवलं. मग नीट धरून सगळं बोट पुसलं.